माजी विद्यार्थ्यांचे कागद आणि रद्दीचा भाव

महाविद्यालयांच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्थान मिळाल्यापासून त्यांचे मेळावे नेमाने भरू लागले आहेत. सत्कार होतात, देणग्या जाहीर होतात. मात्र या वयोवृद्ध पाहुण्यांच्या घरच्या पेटीत काय आहे, हे कोणी विचारीत नाही. त्यांच्या पश्चात ती पेटी उघडते आणि तिच्यातील कागद किलोच्या भावाने विकले जातात.

बीड जिल्ह्यापुरती ही हानी अधिक गंभीर आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि पदवीसाठी येथील मुलाला बहुधा हैदराबादचीच वाट धरावी लागे. १९३८ साली वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी झाली, तेव्हा तेथील विद्यार्थ्यांनी संप पुकारला. तेव्हाच्या औरंगाबादेतील महाविद्यालयातही तो पसरला. काढून टाकलेल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक. त्यांची चरित्रे झाली. परंतु त्या पिढीतील सामान्य विद्यार्थ्याची साक्ष केवळ त्याच्या घरच्या कागदांतच उरते.

१९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९७४ चे विकास आंदोलन आणि १९७८ च्या ठरावापासून १९९४ पर्यंत चाललेला नामांतराचा लढा यांत विद्यार्थीच अग्रभागी होते. १९७४ चे विद्यार्थी आज सत्तरी ओलांडून गेले आहेत.

जपावयाचे ते केवळ आंदोलनांचे कागद नव्हेत. शुल्काची पावती, खानावळीचा हिशेब, मनिऑर्डरीचे कुपन, शिष्यवृत्तीचा अर्ज यांचे मोल अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला विशेष आहे. कोरडवाहू शेतकऱ्याने मुलाच्या शिक्षणासाठी काय विकले, कोणाचे कर्ज काढले, १९७२ च्या दुष्काळात ते शिक्षण कसे निभावले, हे सरकारी अहवालांतून क्वचितच कळते.

मग हे कागद टिकत का नाहीत? सांभाळण्याचा भार एका कुटुंबावर पडतो, लाभ मात्र साऱ्या समाजाचा असतो. अशा ठिकाणी कुटुंबाला दोष देणे व्यर्थ आहे. शासकीय अभिलेखांसाठी राज्यात २००५ चा कायदा आहे. घरगुती कागदांना वाली नाही. तो भार महाविद्यालयांनी उचलला पाहिजे.

प्राध्यापकांची पदे रिक्त असताना हे काम करावे कोणी, हा आक्षेप रास्त आहे. परंतु नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक आहेत. विद्यार्थ्यांनी गावोगाव जाऊन प्रथम केवळ यादी करावी. प्रत काढून मूळ कागद मालकाकडे परत द्यावा. छायाचित्रातील माणसांची नावे वृद्धांना विचारून लिहून घ्यावीत. फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावू नये. खासगी पत्रे कुटुंबाच्या संमतीनेच खुली व्हावीत. नामांतराच्या बाजूचे आणि विरोधातले, दोन्ही कागद सारख्याच आस्थेने ठेवावेत. निवाडा पुढच्यांनी करावा. उर्दू आणि मोडी वाचणारे अजून भेटतात, तोवर त्यांच्याकडून मजकूर लावून घ्यावा.

इमारतीसाठी देणगी पुढील वर्षीही मिळेल. रद्दीवाल्याच्या तराजूत एकदा पडलेला कागद मात्र कोणत्याही अनुदानाने परत येणार नाही.