एआयची लास्ट लोकल कधी चुकलीय का?

संपाची घोषणा म्हटलं की तुमच्या कानात काय वाजतं? ‘कोण म्हणतो देत नाही, घेतल्याशिवाय राहत नाही!’ दि. बा. पाटलांच्या नावासाठीची आंदोलनं पाहिलेल्या पनवेलकरांना घोषणा नव्या नाहीत. पण संप करणारे स्वतःच लेखक असतील तर?

२ मे २०२३ला हॉलिवूडच्या सुमारे ११,५०० पटकथालेखकांनी लेखणी खाली ठेवली. स्टुडिओच्या गेटवर फलक झळकले : ‘चॅटजीपीटीला बालपणीच्या जखमा नसतात.’ दुसरा थेट धमकीचा : ‘पैसे द्या, नाहीतर सक्सेशनचा शेवट फोडू!’ त्याच महिन्यात त्या मालिकेचा शेवटचा भाग यायचा होता. फोटो जगभर फिरले.

आता जरा विनोदाच्या आत डोकावा. पहिल्या फलकात एआयवर बंधन घालायची मागणी होती, दुसऱ्यात मोबदल्याची. करारातली किचकट कलमं कोण वाचतं? जोक मात्र सगळे फॉरवर्ड करतात. पण नुसत्या जोकने काही मिळालं नाही. १४८ दिवस एकी टिकली, जुलैत कलाकारही संपात उतरले, तेव्हा कुठे करार झाला. एआयला लेखक मानायचं नाही आणि लेखकाला एआयचा मजकूर दिला तर तसं सांगायचं, हे त्यात ठरलं.

आपल्याकडे? मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, पण सगळ्या निर्मात्यांना बांधणारा असा एकच करार नाही. लेखक एकेकटा सही करतो, त्यामुळे घासाघीस करायलाही एकटाच. जमेची बाजू २०१२ची कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती. तिच्यासाठी जावेद अख्तर यांनी जोर लावला होता. थिएटरबाहेर सिनेमा दाखवला, तर त्यातल्या लेखनाच्या रॉयल्टीचा हक्क लेखकाला निर्मात्याच्या नावे सोडून देता येत नाही. कागदावर हक्क भक्कम आहे. वसुलीला मात्र संघटनेचं बळ लागतं.

हार्बरने अंधेरी गाठून कुणाला गोष्ट ऐकवायला निघाला असाल, तर हे लक्षात ठेवा. ‘पैसे नाहीत, पण नाव येईल’ असं कुणी म्हटलं, तर आधी करार मागा. आणि फलक रंगवायची वेळ आलीच, तर आपल्याकडे मजकूर कमी नाही :

‘मालिका हजार भागांची, लेखकाची उधारी चहावाल्याची!’

‘एआयने कधी लास्ट पनवेल चुकवून प्लॅटफॉर्मवर रात्र काढलीय का?’