वेड पांघरून पेडगावला कोण जातंय?

ही म्हण अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. पण ते पेडगाव आपल्याच श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या काठावर आहे, हे इथल्याच पोरांना सांगावं लागतं.

किल्ल्याचं नाव बहादूरगड की धर्मवीरगड, यावर दरवर्षी पोस्टी पडतात. मी धर्मवीरगडच म्हणतो, अभिमानानं म्हणतो. फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी महाराजांना कैद करून औरंगजेबाच्या याच छावणीत आणलं. ती जखम विसरायची नाहीच. पण माझं भांडण वेगळं आहे. एवढ्या जुन्या गावाचा इतिहास आपण एका दिवसावर आणून ठेवलाय. हार, भाषण, सेल्फी, की निघाले.

अहो, हे परगण्याचं गाव. जुन्या कागदांत 'परगणे पांडे पेडगाव' असा उल्लेख येतो. परगण्याचं ठाणं म्हणजे आजच्या तहसीलीसारखंच. देशमुख-देशपांडे, गावोगावचा वसूल, वतनाचे तंटे, सगळं तिथं. लक्ष्मीनारायणाचं देऊळ तर यादवांच्या काळातलं. मोगल सुभेदार बहादूरखानानं १६७२-७३ च्या सुमारास इथं तळ टाकला, तो काय उगाच? छावणीला बारमाही पाणी लागतं, ते भीमेनं दिलं. जुलै १६७४ मध्ये, राज्याभिषेकाला जेमतेम महिना झाला असताना, मराठ्यांनी खानाला हूल देऊन हीच छावणी लुटली. एक कोटीचा ऐवज आणि दोनशे घोडे नेले!

१८१८ नंतर इंग्रज आले, परगणे गेले, तालुके आले. कचेरी गेली की पेठ जाते, पेठ गेली की माणसं जातात. पेडगावचं तेच झालं. ज्या गावांना आज मोठ्या कचेऱ्यांचा तोरा आहे, त्यांनी हे जरूर वाचावं.

कुणी म्हणेल, दगडांनी पोट भरतं का? मग नाव बदलल्यानं तरी कुणाचं भरलं? जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं, आनंद आहे. पण नावाच्या पाटीनं पडकी तटबंदी उभी राहत नाही.

मागणी साधी आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. तालुक्यातल्या चार पोरांना मोडी शिकवा, तिथं बसवा, आपल्या परगण्याचे कागद शोधू द्या. जे सापडेल ते छापा, शाळाशाळांत वाटा. एका मिरवणुकीच्या डीजेच्या खर्चात एवढं आरामात होईल.

खानाला वेड्यात काढलं ते मराठ्यांनी. आता वेड पांघरून बसलोय ते आपण.