पगडीपलीकडचा इतिहास

इंगमार बर्गमन यांचा ‘द सेव्हन्थ सील’ हा स्वीडिश चित्रपट १९५७ साली आला आणि त्याच वर्षी कान महोत्सवात ज्यूरींच्या विशेष पारितोषिकाचा मानकरी ठरला. धर्मयुद्धाहून परतलेला सरदार अँटोनियस ब्लॉक प्लेगने उजाड होत चाललेल्या मायदेशी पोचतो, तोच समुद्रकिनाऱ्यावर मृत्यू समोर उभा राहतो. ब्लॉक त्याला बुद्धिबळाच्या पटावर बसवतो. डाव चालेल तोवर मुदत. ही कल्पना स्टॉकहोमजवळच्या टेबी येथील चर्चमधल्या पंधराव्या शतकातील चित्रावरून सुचलेली.

चित्रपटाचा जीव मात्र पटावर नाही, ब्लॉक आणि त्याचा सेवक यॉन्स यांच्या मतभेदात आहे. ब्लॉकला नुसत्या श्रद्धेवर भागवता येत नाही. त्याला देवाची खात्री हवी. यॉन्सच्या लेखी वर कोणीच नाही. चेटकीण ठरवून जाळायला नेलेल्या पोरीकडे ब्लॉक सैतानाची चौकशी करतो, कारण देवाची खबर निदान त्याला तरी असेल; यॉन्सला तिच्या डोळ्यांत पोकळी आणि भय दिसते. पाद्र्याच्या घरात वाढलेले बर्गमन दोघांपैकी कोणालाही जिंकू देत नाहीत. अखेर ब्लॉक पटावरचे मोहरे मुद्दाम उधळतो, मृत्यू ते मांडण्यात गुंततो आणि फिरत्या नटांचे एक कुटुंब निसटते. प्रश्न सुटत नाही, एक काम तेवढे होते.

तारखांच्या हिशेबाने हा चित्रपट नापासच. पूर्वेकडील धर्मयोद्ध्यांचे शेवटचे मोठे ठाणे, एकर, १२९१ मध्येच पडले. प्लेग स्वीडनमध्ये शिरला १३५० च्या सुमारास. आणि तिथे चेटकिणी जाळण्याचे सत्र शिगेला पोचले ते सतराव्या शतकात. चुका खऱ्या आहेत, पण त्या मोजून या चित्रपटाबद्दल काहीही कळत नाही.

मराठीत ऐतिहासिक चित्रपटावरचे भांडण यंदाही पगडी, तलवारीची मूठ आणि तिथी यांपाशीच अडले. पडद्यावरच्या माणसाला कधी शंका आली का, त्याचे कोणाशी तत्त्वावरून वाजले का, हे विचारायला सवड कोणालाच नव्हती. मग पात्रांच्या तोंडी घोषणाच उरतात.

निवडणुका, पाऊस आणि संमेलन यांचा समाचार इतर दिवाळी अंक घेतीलच. म्हणूनच या अंकाचा विशेष विभाग ‘पडद्यावरचा इतिहास’ या विषयाला दिला आहे. कथा-कविता नेहमीच्या जागी आहेत. वाचकांची पत्रे दिवाळीनंतर येतातच. यंदा त्यांनी पगडीचा घेर मोजण्याआधी त्या पगडीखालचे डोके काय म्हणते, ते पाहावे.