आम्ही, आपण आणि शेवटचे मैल

प्रवासवर्णनांत शेवटाकडे जाणारा भाग सर्वांत उपेक्षित राहतो. प्रस्थानाचे प्रकरण बहुधा हौसेने लिहिलेले असते. मुक्कामावर पोहोचल्याचा क्षणही येतो, हल्ली छायाचित्रासह येतो. परंतु ‘आता फार उरले नाही’ असे वाटू लागल्यापासून प्रत्यक्ष पोहोचेपर्यंतचा काळ लेखक दोन परिच्छेदांत उरकतो. समूहाने केलेल्या दूर पल्ल्याच्या सायकलप्रवासाविषयी लिहिताना खरी कसोटी नेमकी इथेच लागते, असे माझे मत आहे. ती कसोटी वर्णनशक्तीची नसून सर्वनामाची आहे.

सायकलच का, असा प्रश्न पडेल. रेल्वेच्या डब्यातील माणसे भांडली तरी एकाच वेगाने पुढे जातात. सायकलस्वारांच्या गटात प्रत्येकाचा वेग त्याच्या पायांतून येतो, आणि तरीही गट टिकवावा लागतो. पुढे असणारा वारा अंगावर घेतो, त्याच्या आडोशाने चालणाऱ्यांना कमी जोर लावावा लागतो. म्हणून पुढे राहण्याची पाळी वाटून घेतली जाते. चढावर वेगळे झालेले सगळे घाटमाथ्यावर एकमेकांची वाट पाहतात. म्हणजे ‘आम्ही’ हे सर्वनाम इथे आयते मिळत नाही, ते दिवसातून चार-पाच वेळा नव्याने जुळवावे लागते. मुक्काम जवळ आला की ही जुळणी सैल होऊ लागते. ताकदवान माणूस वाट पाहीनासा होतो. गुडघा धरलेला माणूस ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणू लागतो. यात सौजन्य किती आणि कंटाळा किती, हे त्यालाही सांगता येणार नाही. चहाच्या टपरीवरची बोलणी बदलतात. परतीची गाडी कोणती, सायकली पार्सलने न्यायच्या की टेम्पोने, सोमवारी कोणाला कचेरीत हजर राहायचे आहे, असे विषय निघतात.

मराठीला इथे एक सोय आहे, जी इंग्रजीला नाही. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ अशी दोन वेगळी सर्वनामे आहेत. ‘आपण’मध्ये ऐकणारा सामावतो, ‘आम्ही’मधून तो वगळला जातो. रस्त्यावर असताना सोबती एकमेकांशी ‘आपण’ म्हणूनच बोलतात: आपण थांबू, आपण पुढच्या गावी जेवू. तेच घरी येऊन लिहायला बसले की ‘आम्ही’ लिहितात, कारण आता ऐकणारा बाहेरचा असतो. या दोहोंच्या मधला क्षण, म्हणजे ‘आपण’ जाऊन ‘मी’ आणि ‘तू’ उरतात तो क्षण, शेवटच्या शंभर-दोनशे किलोमीटरांत कुठेतरी घडतो. तो पकडणारे लेखन माझ्या वाचनात फार थोडे आले आहे.

मुंबईच्या पारशी तरुणांचे उदाहरण घेऊ. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा जण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. नरिमन कापडिया तेहरानहून मागे फिरले. गुस्ताद हाथीराम यांना अमेरिका इतकी आवडली की ते तिथेच राहिले. त्यांच्या जाण्याने खट्टू झालेले केकी पोचखानवाला तिथूनच समुद्रमार्गे परतले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे जपान, कोरिया, चीन, हिंदी-चीन, सयाम असे करत ब्रह्मदेशातून पुन्हा हिंदुस्थानात आले आणि १८ मार्च १९२८ रोजी मुंबईला पोहोचले. सुमारे ७१ हजार किलोमीटर आणि जवळजवळ साडेचार वर्षे. १९३१ साली ‘विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, त्यावर तिघांची नावे आहेत.

या पुस्तकातील ‘वी’ आरंभी सहा माणसांचा आहे, मग पाचांचा, आणि अमेरिकेपासून पुढे तिघांचा. व्याकरणाला त्याची दखल घ्यावी लागत नाही. अनेकवचन दोघांच्या वर कितीही माणसांना तेच. पण वाचकाने ती घ्यायला हवी. वाटेत सोडून गेलेल्यांना आपण सहज ‘अपुरे पडलेले’ मानतो, कारण पुस्तक पोहोचणाऱ्यांनी लिहिलेले असते. वास्तविक हाथीरामांचाही प्रवास कुठेतरी पोहोचलाच. तो ठरल्या ठिकाणी पोहोचला नाही, एवढेच.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हे तिघे ब्रह्मदेश ओलांडून स्वदेशात आले तेव्हा ‘जगप्रवास’ एका अर्थी संपलेला होता, पण मुंबई अजून देशाच्या दुसऱ्या टोकाला होती. जग पाहून झाल्यावर उरलेला हा स्वतःचा देश कोणत्या सर्वनामाने लिहायचा? त्या पुस्तकाचा मराठी अनुवाद करू पाहणाऱ्याला इथे निर्णय घ्यावाच लागेल. तेहरानच्या रस्त्यावर ‘आम्ही’ निर्विवाद आहे. बंगालपासून मुंबईपर्यंतच्या रस्त्यावर मात्र वाचकही त्याच रस्त्याचा वारस आहे, तिथे ‘आपला देश’ म्हणावे लागेल. त्यांच्यानंतर १९३३ साली निघालेले केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ हे १९४२ साली परतले. निघताना पाहिलेले जग परत येईपर्यंत युद्धात सापडले होते, देशात ‘छोडो भारत’चे वर्ष उजाडले होते. त्यांना तर मुक्कामाची खूण म्हणून आठवणीतली मुंबईही पुरी पडली नसेल.

आपल्याकडे या प्रश्नाची जाण अगदीच नव्हती असे नाही. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते एकटे नव्हते, बरोबर रामभटकाका होते. तरी पुस्तकाचे नाव ‘माझा प्रवास’. पंचवीसेक वर्षांनी आठवून लिहिलेला आणि १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी प्रसिद्ध केलेला हा मजकूर आपण बंडाची हकीकत म्हणून शिकवतो आणि झाशीपाशी थांबतो. भटजी मात्र तिथे थांबत नाहीत. द्रव्य मिळवायला गेलेला हा माणूस लुटला जातो आणि अखेर गंगेची कावड घेऊन, त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घालायला घरी येतो. घराची वाट हा त्या पुस्तकाचा गाभा आहे, असे माझे मत आहे. अभ्यासक्रमातील उताऱ्यांत तो क्वचितच येतो. असो.

वारीने तर शेवट लांबवण्याची रीतच घालून दिली. पालख्या वाखरीला एकत्र येतात, पंढरपूर हाकेच्या अंतरावर असताना तिथे मुक्काम करतात, आणि दशमीला निघताना क्रम पाळतात. ज्ञानेश्वरांची पालखी सर्वांत शेवटी. जवळ आलो म्हणून पळत सुटायचे नाही, पुढे कोणी जायचे हे आधीच ठरलेले. समूह जिथे फुटण्याचा संभव सर्वाधिक, तिथेच परंपरेने त्याला थोपवून धरले आहे. पुण्याहून कन्याकुमारीला सायकलने जाणाऱ्या आजच्या गटांतही हे दिसते. गावात एकत्र शिरायचे म्हणून अलीकडच्या एखाद्या टपरीवर पुढचे लोक तासभर बसून राहतात. ते त्याविषयी लिहीत मात्र नाहीत. लिहितात किलोमीटर, पंक्चरी आणि सूर्योदय.

बाबा आमटे यांच्या ‘भारत जोडो’ अभियानात, डिसेंबर १९८५ मध्ये, कन्याकुमारीहून शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर उत्तरेकडे निघाल्या. सत्तरी ओलांडलेले बाबा मणक्याच्या दुखण्यामुळे गाडीत आडवे पडून प्रवास करत होते. ‘जोडो’ हे आज्ञार्थी रूप सर्वांनाच सामावणारे, म्हणजे इथे ‘आपण’ हा प्रवासाचा हेतूच होता. अशा प्रवासात शेवटचे आठ दिवस कसे गेले असतील, कोण कोणाची वाट पाहत थांबले असेल, हे त्या शंभरांपैकी निरनिराळ्या माणसांनी स्वतंत्रपणे लिहिलेले मला वाचायचे आहे. त्यांपैकी बरेच जण आता साठीच्या आसपास असतील. आपल्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवे असतात. वही घेऊन अशा एखाद्याच्या घरी जावे आणि विचारावे, की शेवटच्या दिवशी तुम्ही रांगेत कितवे होता, आणि तुमच्या मागे कोण होते.