विश्लेषण : मोटारीच्या पुढच्या ब्रेकचा कॅलिपर घरी दुरुस्त करावा का?

खासगी मोटारीची नोंदणी झाल्यावर पुढची १५ वर्षे तिच्या ब्रेकच्या नियमित तपासणीची कायद्याने सक्ती नाही. पीयूसीसाठी धूर तपासला जातो, विम्याची मुदत पाहिली जाते. योग्यता तपासणीची वेळ येते ती थेट फेरनोंदणीच्या वेळी. मधल्या काळात चाकामागच्या रबरी सीलचे काय झाले, हे पाहणे मालकावर आणि त्याच्या मेकॅनिकवर सोडलेले आहे. अशात वर्कशॉपने ‘कॅलिपर जाम आहे, असेंब्लीच बदलावी लागेल’ असे सांगून काही हजारांचा अंदाज हातात ठेवला, की काहीशे रुपयांचे सील किट आणून घरीच दुरुस्ती करण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. हा विचार वेडगळ मुळीच नाही. मात्र हे काम अर्धवट सोडण्यासारखे नाही आणि काही वेळा ते सुरू केल्यावर मधेच थांबून असेंब्लीच विकत घ्यावी लागते.

कॅलिपरचे काम काय?

ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो. त्यामुळे थांबवण्याच्या कामापैकी साधारण ७० टक्के वाटा पुढची दोन चाके उचलतात. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन पॅड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. ही चिमटी म्हणजे कॅलिपर. बहुतेक लहान मोटारींत तो ‘तरंगता’ असतो. पिस्टन एकच, आतल्या बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या उलट रेट्याने सगळा कॅलिपर दोन गाइड पिनांवर सरकून बाहेरचा पॅड डिस्ककडे ओढतो. टायरमध्ये हवा असते ३०-३३ पीएसआय. जोरात ब्रेक दाबल्यावर या पिस्टनमागचा दाब हजार पीएसआयच्या पुढे जातो. तो अडवून धरते ती काही मिलिमीटर जाडीची एक रबरी कडी, म्हणजेच सील.

या कडीची करामत पाहण्यासारखी आहे. पिस्टन पुढे जातो तेव्हा ती आपल्या खाचेतच राहून त्याच्याबरोबर किंचित कलते. पायाचा दाब सुटला की मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे ओढते. पुढच्या कॅलिपरमध्ये पिस्टन मागे घेणारी स्प्रिंग नसते, सगळी भिस्त रबराच्या लवचीकपणावर. पॅड झिजत जातो तसा पिस्टन कडीतून थोडा थोडा पुढे सरकून नवी जागा धरतो. म्हणून ड्रम ब्रेकसारखे डिस्क ब्रेक अधूनमधून ‘सेट’ करावे लागत नाहीत. रबर कडक झाले, की पिस्टन मागे येत नाही, पॅड डिस्कला घासत राहतो, चाक तापते.

बिघाड कुठून सुरू होतो?

पिस्टनच्या तोंडाशी धूळ-पाणी अडवणारा रबरी बूट असतो. तो फाटला की पावसाळ्यातला चिखल आत जातो. किनारपट्टीवर खारी हवा भर घालते. महिनोन्‌महिने एका जागी उभी असणारी गाडी तर गंजाला आमंत्रणच देते. पॅड झिजलेले असताना पिस्टन बराच बाहेर आलेला असतो आणि त्या उघड्या भागावर गंज चढतो. नवे पॅड बसवताना मेकॅनिक पिस्टन मागे ढकलतो, तेव्हा नेमका तोच खरखरीत भाग सीलखाली जातो. ‘कालपर्यंत ब्रेक उत्तम होते, नवे पॅड टाकले आणि गाडी एका बाजूला ओढायला लागली’ ही तक्रार अनेकदा त्यातूनच येते. दोष मात्र पॅडच्या माथी मारला जातो.

दुसरा शत्रू आतून येतो. ब्रेकमधले ग्लायकोलचे द्रव हवेतले पाणी शोषते. नवे डॉट ३ द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असे मानक सांगते, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. आंबेनळी किंवा वरंध घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर असेल आणि एक कॅलिपर आधीच घासत असेल, तर द्रव तिथेच उकळू शकते. वाफ दाबली जाते, द्रव दाबले जात नाही. पेडल मऊ होत जमिनीला टेकते आणि गाडी थांबत नाही. हेच पाणी कॅलिपरच्या आतल्या खाचेलाही गंजवते. द्रव दर दोन वर्षांनी बदलण्याचा सल्ला म्हणूनच दिला जातो आणि तो सर्रास धाब्यावर बसवला जातो.

कॅलिपरच दोषी आहे हे कसे ओळखावे?

इथे घाई नडते. एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापत असेल, तर आधी पॅड पाहावेत. आतला पॅड संपत आलेला आणि बाहेरचा जाड, असे असेल तर बहुधा गाइड पिन अडकलेले असतात. ते काढून, पुसून, सिलिकॉन ग्रीस लावून बसवले की काम भागते. किट उघडायचीही गरज नाही. माझ्या मते घरी सुरुवात करणाऱ्याने पहिल्या वर्षी एवढेच करावे. यात द्रवाची एकही नळी सुटत नाही आणि फायदा मोठा.

पिन मोकळे असूनही चाक आवळलेलेच राहत असेल, तर कॅलिपरवरचा ब्लीडर निपल किंचित सैल करून पाहावा. थोडे द्रव बाहेर आले आणि चाक सुटले, तर दाब मागे कुठेतरी अडकतो आहे. जुनी रबरी होज आतून फुगून बंद झाली असेल किंवा मास्टर सिलिंडरमध्ये दोष असेल. नवी असेंब्ली बसवली तरी हा दोष जात नाही. निपल उघडूनही चाक सुटले नाही, तरच पिस्टन जाम.

घरी करताना नेमके काय जपावे?

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नये. सपाट जागा, मागच्या चाकांना ओंडके, पुढे जॅक स्टँड. हे नसेल तर काम सुरूच करू नये. पॅडची धूळ हवेच्या झोताने उडवू नये. स्वस्त पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते असे धरून ती ओल्या फडक्याने पुसावी.

पिस्टन बाहेर काढण्यासाठी गॅरेजमध्ये कॉम्प्रेसरची हवा वापरतात. हा प्रकार दिसायला सोपा. पण पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि समोरची बोटे चेंगरतात. घरी त्याहून बरी रीत म्हणजे नळी सोडण्यापूर्वीच, मधे लाकडाचा तुकडा धरून, दुसऱ्याला पेडल हळूहळू दाबायला सांगणे. मग पिस्टन धुऊन उजेडात फिरवून पाहायचा. सील घासते त्या गुळगुळीत भागावर नखाला लागेल असा खड्डा असेल, तर पिस्टन बाद. पॉलिश पेपरने घासून वेळ मारून नेण्याचा मोह इथे होतो. वरचा क्रोमचा मुलामा एकदा गेला की पुढच्या पावसाळ्यात गंज पुन्हा हजर. पिस्टन वेगळा मिळत नसेल किंवा सीलची खाच खोल खाल्ली गेली असेल, तर वर्कशॉपचा असेंब्लीचा सल्ला बरोबर होता असे समजून तो पाळावा.

आता शब्दाचा एक घोळ. आपण सगळेच या द्रवाला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो आणि हा शब्दच घातक ठरतो. ते तेल नाही. डॉट ३ आणि डॉट ४ च्या ब्रेकमधले रबर खनिज तेलाने फुगते. जुने भाग पेट्रोलने किंवा डिझेलने धुणे, सील सहज सरकावे म्हणून इंजिन ऑइलचे किंवा साध्या ग्रीसचे बोट फिरवणे, यात नवे किट वाया जाते आणि काही दिवसांत ब्रेक पुन्हा आवळतात. धुण्यासाठी ब्रेक क्लीनर किंवा स्पिरिट, सील बसवताना सीलबंद बाटलीतले नवे ब्रेक द्रव. हेच द्रव गाडीच्या रंगावर सांडले तर रंग उचलते, तेव्हा पाणी जवळ असू द्यावे.

सील खाचेत पिळ न पडता बसली पाहिजे आणि पिस्टन बोटांच्या जोराने सरळ आत गेला पाहिजे. हातोडी लागते आहे, याचा अर्थ काहीतरी तिरके आहे. होजच्या बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवेच घ्यावेत. बोल्ट आवळण्याचे आकडे प्रत्येक मॉडेलचे वेगळे. गाइड पिनचा बोल्ट आणि ब्रॅकेटचा बोल्ट यांत तर मोठा फरक असतो. टॉर्क रेंच आणि सर्व्हिस मॅन्युअल नसेल, तर ते मिळेपर्यंत थांबावे. आणि दोन्ही बाजू एकाच वेळी उघडू नयेत. डावा कॅलिपर उजवीकडे बसला तर निपल खाली जातो, हवा वर अडकते आणि ती किती वेळा काढली तरी पेडल मऊच राहते.

हवा काढणे अवघड का?

नळी सुटली की हवा शिरतेच. ती काढायला दोन माणसे, एक पारदर्शक नळी आणि धीर लागतो. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचा, मगच पेडल सोडायचे. वरच्या टाकीतले द्रव कधीही तळाला जाऊ द्यायचे नाही. कुठल्या चाकापासून सुरू करायचे, हे मॅन्युअल सांगते. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींत एबीएस सक्तीचे आहे. त्या यंत्रणेच्या आत हवा गेली, तर अनेक गाड्यांत ती स्कॅनर जोडल्याशिवाय निघत नाही. अशा वेळी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये. ती ओढून न्यावी लागते. घरच्या दुरुस्तीचा हा खर्च आधीच हिशेबात धरावा.

मग असेंब्लीचाच आग्रह का होतो?

वर्कशॉपच्या दृष्टीने त्यात वेळ कमी आणि जबाबदारी सोपी. सील बदलायला कुशल हात आणि तासभर निगुतीचे काम लागते. असेंब्ली कोणीही बसवतो. हा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. पण त्यातून पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानातही आधी असेंब्लीच दाखवली गेली, तर किट मागणारा ग्राहकच उरणार नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या कक्षेत मोटारीही होत्या. त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही सुरू झाले. ब्रेकच्या बाबतीत या हक्काला अर्थ यायचा असेल, तर प्रत्येक मॉडेलच्या सील किटचा आणि पिस्टनचा क्रमांक, टॉर्कचे आकडे आणि हवा काढण्याचा क्रम मालकाला फुकट व मराठीत वाचता आला पाहिजे. दुसरी बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १९० सदोष वाहन रस्त्यावर आणणाऱ्याला जबाबदार धरते आणि साधी काळजी घेतली असती तर कळला असता, असा दोषही त्यात येतो. दुरुस्ती घरी केली म्हणून सूट नाही.

गाडी रस्त्यावर कधी काढावी?

चाक बसवल्यावर, इंजिन सुरू करण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबावे. मागे गेलेला पिस्टन पहिल्या दाबाला पॅडपर्यंत पोहोचत नाही. मग इंजिन सुरू करून पेडल अर्धा मिनिट जोरात दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात असेल, तर कुठेतरी गळती आहे आणि गाडी जागची हलवू नये. सगळे ठीक असेल तर मोकळ्या आवारात, चालण्याच्या वेगात, हँडब्रेकवर हात ठेवून पहिले थांबे घ्यावेत. परतल्यावर दोन्ही चाकांच्या रिमपाशी हात नेऊन उष्णता ताडून पाहावी. रात्री कॅलिपरखाली कोरा कागद ठेवावा, सकाळी तो कोरा आहे का आणि टाकीतली पातळी तीच आहे का हे पाहावे. हे सलग तीन-चार दिवस करावे. घाटाचा बेत त्यानंतर.