अर्धवट गाडी, पुरती जबाबदारी

गाडी विकायला काढली आणि आठवड्यात तीन गिऱ्हाईकं आली. सगळ्यात जास्त पैसे देणाऱ्याला मी नाही म्हणालो. मित्रांनी वेड्यात काढलं. म्हणून लिहितोय, कारण प्रश्न एकट्या माझ्या गाडीचा नाही.

गाडी 2002 ची होंडा सिटी, दीड लिटरचं व्हीटेक इंजिन. मूळची ताकद 106 हॉर्सपॉवर. त्या काळात ही गाडी म्हणजे नाद खुळा. पण आम्हाला तेवढ्यावर समाधान कुठलं! टर्बो आणला, फोर्ज्ड पिस्टन मागवले, उद्यमनगरात ब्लॉक बोअर करून घेतला, नवा ईसीयू घेतला. साडेपाच लाख गेले. मग धंदा बसला, लेकीची शाळा सुरू झाली आणि गाडी 4 वर्षं शेडमध्ये ठोकळ्यांवर. इंजिन बसवलंय, ट्यूनिंग राहिलंय. ब्रेक कंपनीचेच, मागे ड्रम.

पहिला एजंट, भंगाराच्या भावानं 60 हजार म्हणाला. दुसऱ्याला फक्त ईसीयू हवा होता. तिसरा 21 वर्षांचा पोरगा, अडीच लाख रोख घेऊन आलेला. "दादा, टोचन लावून आजच नेतो. पेपरचं नंतर बघू, स्टॅम्पपेपरवर लिहून देतो."

ब्रेकचं काय करणार, विचारलं. म्हणाला, "आधी पळवून तर बघू!"

तिथंच मी थांबलो.

स्टॅम्पपेपरनं गाडी नावावरून जात नाही, हे अजून कित्येकांना पटत नाही. फॉर्म 29 आणि 30 भरून आरटीओत नोंद व्हावी लागते. विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत कळवायचं असतं. नोंदीत नाव तुमचं असेल तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येते, हे सुप्रीम कोर्टानं 2018 साली स्पष्ट केलंय. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5 हजार दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

पण खरं सांगू? कायद्यापेक्षा तो पोरगाच डोळ्यासमोर राहिला. माझं अर्धवट काम तो हायवेवर पूर्ण करणार होता. आणि समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला त्यातलं काहीच माहीत नसणार.

आपल्याकडे पोलीस कर्णकर्कश सायलेन्सरवर रोलर फिरवतात, फोटो छापून येतात. फिरवावाच. पण अशा गाड्या हातोहात, कागदाविना फिरतात त्याकडे कोण बघतं? आणि ते थांबवायला पोलीसच कशाला पाहिजेत? विकणारे आपणच आहोत की. आरटीओनंही एक करावं: कुठला बदल चालतो, कशाला आधी परवानगी लागते, कशाला बंदी, याचा साध्या मराठीतला फलक दारात लावावा. हौशी पोरं गुन्हेगार नसतात, त्यांना वाट कुणी दाखवत नाही.

मी काय करणार? टर्बो, ईसीयू, पिस्टन सुटे विकणार. मूळ इंजिनाचे पार्ट पोत्यात जपून ठेवलेत, ते परत बसवणार. गाडीला 15 वर्षं केव्हाच उलटली, री-पासिंगची मुदतही संपलीय. त्यामुळे ती मूळ रूपात पास करून घेणार आणि मगच नावावर करून देणार. हिशेब केला तर निम्मे पैसेही परत येत नाहीत. आमची ही म्हणाली, "नादाचे पैसे कुणाचे परत आलेत?" बरोबर आहे तिचं.

तुमच्याही शेडमध्ये अशी एखादी झाकलेली गाडी असेल, तर रोख बघून किल्ली देऊ नका. आणि घेणाऱ्या भावांनो, आधी आरसी बघा, मग ब्रेक बघा. टर्बोचं सगळ्यात शेवटी.

तो पोरगा परवा पुन्हा आला होता. त्याला म्हटलं, गाडी खोलायला रविवारी ये, मदत कर, शिकशील. येतो म्हणालाय.