घुमा म्हणजे आजारी नव्हे

गेल्या महिन्यात आपा भोरहून आली ती हातात फाईल घेऊन. फाईल माझ्या भाच्याची, वय 15, नववीत. वर्गात कुणाशी बोलत नाही, उभं केलं की घाम फुटतो, स्नेहसंमेलनात भाग घेत नाही, अशी शाळेची तक्रार होती. मग कुणीतरी पुण्यातला एक समुपदेशक सुचवला. पाऊण तासाची भेट, एक छापील प्रश्नावली, आणि कागदावर शब्द आले : 'सोशल अँग्झायटी डिसऑर्डर'. आपाला त्यातला शेवटचा शब्द तेवढा कळला. तिचा पहिला प्रश्न, "याचं लग्न कसं व्हायचं रे?" पंधरा वर्षांच्या पोराचं लग्न!

आपाचं सासर वेल्ह्याकडचं, मुलाणी घराणं. भाऊजींचं तिथे चिकनचं दुकान आहे, आणि सुट्टीत भाचा गल्ल्यावर बसतो. गिऱ्हाइकाला 'या, बसा' म्हणत नाही. पण कुणाची किती उधारी, हे वही न उघडता सांगतो. गावात त्याला घुमा म्हणतात. त्याच्या दादांनाही म्हणायचे. जत्रेच्या दिवशी गावभरचे बोकड हलाल करून ते संध्याकाळपर्यंत चार वाक्यं बोलत. कुणाचं काही अडलं नाही.

घुमा, अबोल, बुजरा, भिडस्त, मुखदुर्बळ, एकलकोंडा. आपल्या भाषेला अशी माणसं ठाऊक आहेत. यातले काही शब्द टोमणे आहेत, हे मान्य. पण टोमणा फाईलमध्ये लागत नाही.

आणि गंमत बघा. भाच्याची थोरली बहीणही अशीच गप्प. तिला मात्र सगळे म्हणतात, किती हयादार मुलगी! तिच्यासाठी स्थळं येतात. तिला कुणी समुपदेशकाकडे नेलं नाही. उलट आमच्या नात्यातली एक मुलगी लग्नाच्या बैठकीत तोंडावर प्रश्न विचारते, तर तिला 'कुणाला तरी दाखवा' म्हणतात. म्हणजे गप्प बसणं हा रोग नाही आणि बोलणं हाही नाही. समोरच्याची गैरसोय झाली की रोग.

ज्या अमेरिकन सूचीच्या जोरावर ही निदानं होतात, तिच्यात 'सोशल फोबिया' 1980 साली आला. त्याच सूचीतून 1973 साली समलैंगिकता वगळावी लागली होती. तरी त्या सूचीचीही एक अट आहे : भीती साधारण सहा महिने टिकलेली हवी, आणि तिच्यामुळे माणसाला स्वतःला मोठा त्रास व्हायला हवा किंवा त्याचं जगणं अडायला हवं. हे पाऊण तासात कसं कळलं? आपला 2017 चा मानसिक आरोग्य कायदा तर स्पष्ट म्हणतो की समाजाच्या रूढ मूल्यांशी जुळत नाही, एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही.

मी डॉक्टरांच्या विरोधात नाही. माझे एक चाचा खरोखर आजारी होते. रात्र रात्र भिंतीशी बोलायचे. आम्ही त्यांना सहा वर्षं दर्ग्यांवर फिरवलं, धागे बांधले, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. तिथे निदान हवं होतं, ते आम्ही टाळलं. म्हणूनच निदानाचा शब्द असा स्वस्तात वाटलेला मला सहन होत नाही. उद्या खऱ्या आजाऱ्यालाही लोक म्हणतील, असं तर आजकाल सगळ्यांनाच असतं.

फाईल बाजूला ठेवून मी भाच्याला मोटरसायकलवर भाटघर धरणाकडे नेलं. तासभर आम्ही दोघंही गप्प. मग विचारलं, वेल्ह्याच्या शाळेत तर बरा होतास, भोरला काय झालं?

"मामू, इतिहासाच्या तासाला अफझलखान आला की सगळे मागे वळून माझ्याकडे बघतात."

प्रतापगडावर महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिमही होता, हे त्या वर्गात कुणी सांगितलं नसावं. प्रश्नावलीत तर हा प्रश्नच नव्हता. मी ती दोनदा वाचली. अनोळखी लोकांत अस्वस्थ वाटतं का, असा एक होता. त्यापुढे भाच्याने 'नेहमी' वर खूण केली होती.

सोमवारी मी आणि भाऊजी शाळेत जाणार आहोत. फाईल नेणार नाही.